आधी एक पावसाळा नदीकाठी काढ

प्रश्न : मॅडम, मी २७ वर्षांची आहे. कळव्यात आई-बाबा आणि आजीसोबत राहते. सिव्हिल करून जलसंपदा विषयात एम.टेक. केलं. तीन वर्षं ऐरोलीतल्या एका सल्लागार कंपनीत आहे. संगणकावर परदेशातल्या नद्यांची मॉडेलं करते, पण त्यातली एकही नदी मी पाहिलेली नाही. आता कंपनी मला लाओसमध्ये मेकाँगच्या एका उपनदीवरच्या जलविद्युत प्रकल्पावर दोन वर्षं पाठवायला तयार आहे. त्याच वेळी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला मास्टर्सला प्रवेश मिळालाय. शिष्यवृत्ती नाही, मोठं कर्ज काढावं लागेल. आई म्हणते, हे सगळं सोड, एमपीएससी देऊन जलसंपदा विभागात लाग. बरोबरच्या मैत्रिणी आयटीत जाऊन माझ्या दुप्पट पगार घेतात. आणि आजी! तिचं जावळी तालुक्यातलं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. ती म्हणते, ‘आमची घरं बुडवली, आता तू परमुलखातल्यांची बुडवायला निघालीस.’ या क्षेत्रात खरंच करिअर आहे का? आणि आजीला काय सांगू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : लाओसला जा. डेल्फ्टचा प्रवेश पुढच्या वर्षावर नेता येतो का, ते आजच मेल करून विचार. आणि कंपनीकडून एक गोष्ट कागदावर घेतल्याखेरीज सही करू नकोस : या दोन वर्षांतला निदान एक पूर्ण पावसाळा तू नदी मोजणाऱ्या पथकाबरोबर काढशील, राजधानी व्हिएंतियानच्या ऑफिसात नाही. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते आहे.

दोन-तीन देशांतून वाहणाऱ्या नदीवर काम करणाऱ्या हायड्रॉलिक इंजिनिअरला, म्हणजे वाहत्या पाण्याचा हिशेब करणाऱ्या अभियंत्याला, लोक धरणं बांधणारा समजतात. माझ्या मते त्याचं खरं काम असा आकडा काढणं आहे, जो वरच्या देशालाही मानावा लागेल आणि खालच्यालाही. आपल्या शेजारचंच उदाहरण घे. डिसेंबर १९९६ मध्ये भारत आणि बांगलादेश यांनी गंगेच्या पाणीवाटपाचा तीस वर्षांचा करार केला. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत पश्चिम बंगालमधल्या फरक्का बंधाऱ्यापाशी जेवढं पाणी येईल, ते दर दहा दिवसांच्या हिशेबाने वाटायचं. हिशेब करायचा तर आधी मोजायला हवं. म्हणून फरक्क्याला आणि पलीकडे हार्डिंज पुलापाशी दोन्ही देशांची पथकं रोजचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, मोजतात. पथकातली ही माणसं मंत्र्यांच्या फोटोत कधी नसतात, पण त्यांच्या वहीतला आकडा संशयाचा ठरला तर करारावरच्या सह्यांना काही अर्थ उरत नाही. कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. पुढे जे काही ठरेल, ते ठरवतानाही टेबलावर याच वह्या असणार.

बगलिहारचा वाद तुझ्या पिढीने मुळातून वाचावा असा आहे. चिनाबवरच्या या धरणाला पाकिस्तानने हरकत घेतली, तेव्हा १९६० च्या सिंधू जल करारातल्या तरतुदीप्रमाणे स्वित्झर्लंडचे अभियंते रेमंड लाफित यांना तटस्थ तज्ज्ञ नेमण्यात आलं. वादाचे मुद्दे काय होते? महत्तम पूर किती धरायचा, सांडव्याला, म्हणजे पुराचं जादा पाणी सोडायच्या वाटेला, दरवाजे हवेत का आणि ते किती खाली ठेवायचे, गाळ कसा बाहेर काढायचा, पाण्याच्या वर धरणाची मोकळी उंची किती ठेवायची. लाफित यांनी २००७ मध्ये निर्णय दिला. पूर सेकंदाला १६,५०० घनमीटर धरला, गाळाचा विचार करून खालच्या पातळीवरचे दरवाजे मान्य केले आणि मोकळी उंची मात्र कमी करायला लावली. वकील दोन्ही बाजूंना होते, पण निकाल हायड्रॉलिक्सवर लागला. आज तो करार भारताने स्थगित ठेवला आहे, एप्रिल २०२५ पासून. तरीही दोन देशांत नदीवरून भांडण म्हणजे नेमकं कशावर भांडण, हे समजून घ्यायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

तू जिथे निघाली आहेस त्या मेकाँगच्या कामाची सुरुवातही मोजण्यानेच झाली. १९५७ मध्ये लाओस, थायलंड, कंबोडिया आणि तेव्हाचं दक्षिण व्हिएतनाम यांनी मेकाँग समिती स्थापन केली. संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेचे जनरल रेमंड व्हीलर यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांचं एक पथक पाठवलं. त्यात आपले कंवर सेन होते, राजस्थान कालव्याची मूळ योजना मांडणारे. या मंडळींनी १९५८ च्या अहवालात सगळ्यात आधी मागितला तो पाच वर्षांचा मोजणीचा कार्यक्रम. नदीची पातळी, पाऊस, गाळ, जमिनीच्या उंच्या, नकाशे. मोठमोठी धरणं बघितलेली माणसं होती ती, घाई करू शकली असती. त्यांनी केली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता तू ऑफिसात बसून मॉडेलच्या वरच्या टोकाला विसर्गाचा जो आकडा भरतेस, तो येतो कसा ते बघ. नदीवर आडवी तार ताणतात आणि पात्राचे वीस-पंचवीस भाग पाडतात. प्रत्येक भागात खोली मोजायची, मग करंट मीटर पाण्यात सोडायचा. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवर वेग घ्यायचा, खोल असेल तर दोन-दशांश आणि आठ-दशांशवर घेऊन सरासरी काढायची. वेग गुणिले क्षेत्रफळ, आणि सगळ्या भागांची बेरीज. आता ध्वनिलहरींवर चालणारं उपकरण होडीला बांधून हेच काम काही मिनिटांत होतं. हे सगळं नदी शांत असताना. पुरात काय होतं? पाण्यातून अख्खे ओंडके येतात. होडी घालता येत नाही, तार तुटते. मग पुलावरून तरंगती वस्तू टाकून ती किती वेळात किती अंतर गेली ते बघायचं, आणि पृष्ठभागाचा तो वेग साधारण ०.८५ ने गुणून समाधान मानायचं. कधी तेही जमत नाही. तेव्हा गेजपट्टीवर, म्हणजे काठावरच्या खुणांच्या पट्टीवर, पाण्याची पातळी वाचायची आणि पातळी-विसर्गाचा आलेख मोजलेल्या शेवटच्या बिंदूच्या पुढे वाढवायचा. म्हणजे सांडवा ज्या पुरासाठी बांधतात, तो पूर बहुतेक वेळा कोणी मोजलेलाच नसतो. संगणकावर तो आकडा इतर आकड्यांसारखाच दिसतो, तेवढाच ठाम. काठावर उभी राहिलेली असशील तर तुला कळेल, यातल्या कशावर विसंबायचं आणि कशावर नाही. रजिस्टरमध्ये सलग आठ दिवस एकच पातळी दिसली तर समजायचं की गेजवाचक आजारी होता, नाहीतर वाट वाहून गेली होती. पुरानंतर पट्टी नव्याने बसवली आणि शून्याची पातळी हातभर सरकली, तर पुढच्या वर्षांची सगळी नोंद सरकते. मॉडेल यातलं काही सांगत नाही, गेजवाचकाच्या घरी चहाला बसलं की कळतं.

याचा सराव लाओसला जाण्याआधीच सुरू कर. उल्हास नदी तुझ्या घरापासून लोकलच्या अंतरावर आहे. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, ते तुला आठवत असेल. बदलापूरला जाऊन निळी आणि लाल पूररेषा नकाशावर कुठून जाते आणि प्रत्यक्षात तिथे काय उभं आहे, हे एकदा चालत बघ. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे तू शिकली आहेस. कोणाचा जिना निळ्या रेषेच्या आत आहे, हे कोणी शिकवत नाही. वाशी-नेरुळचे धारण तलावही असेच बघून ये. खाडीच्या भरतीखाली राहणाऱ्या जमिनीवर सिडकोने शहर वसवलं, तेव्हा डच पद्धतीने हे तलाव केले. भरतीला झडपा आपोआप मिटतात, खाडीचं पाणी आत येत नाही, शहरावर पडलेला पाऊस तलावात साठतो आणि ओहोटीला बाहेर जातो. आता त्यांत गाळ भरलाय, कांदळवन वाढलंय, आणि कांदळवनाला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. साठवण कमी झालीय. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की वाशीत पाणी का तुंबतं, याचं उत्तर त्या झडपेपाशी उभं राहून मिळतं. पन्नास वर्षांपूर्वीचा उत्तम आराखडा निगा आणि कायदा यांच्या कात्रीत कसा सापडतो, हे तुला लाओसमध्येही बघायला मिळेल, फक्त तिथली भाषा वेगळी असेल.

आता आजी. तू विचारतेस, तिला काय सांगू. सांगायच्या आधी तिला विचार. पाणी कोणत्या महिन्यात आलं? आधी कोणी येऊन झाडांना, घरांना खुणा केल्या होत्या का? खुणेच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांचं पुढे काय झालं? नोटीस कोणी वाचून दाखवली? हे प्रश्न तुझ्या कामाचेच आहेत. धरणाचा फुगवटा, म्हणजे अडून वर चढलेलं पाणी, किती मागे जातो हे तू काढतेस ना? त्यात पात्राचा खडबडीतपणा, मॅनिंगचा तो गुणांक, तू ०.०३५ धरलास की ०.०४५, यावर पाण्याची पातळी बदलते. तेवढ्या फरकाने उतारावरची एखादी वाडी रेषेच्या आत येते किंवा बाहेर राहते. बाहेर राहिली तर कागदोपत्री ती बाधित नाही, आणि तिला मोबदलाही नाही. मग वर्षं जातात. नदीने आणलेला गाळ जलाशयाच्या वरच्या तोंडाशी साचतो, पात्र उचललं जातं, फुगवटा आणखी मागे सरकतो आणि धरण होऊन वीस वर्षांनी त्या वाडीत पहिल्यांदा पाणी शिरतं. तोवर आकडा काढणारा निवृत्त झालेला असतो. कोयनेचे विस्थापित साताऱ्यापासून रायगड-ठाण्यापर्यंत विखुरले आणि कित्येकांचे जमिनीचे दावे पुढच्या पिढीतही चालू राहिले. त्या विजेवर मुंबई-ठाण्यातले कारखाने चालले, हेही खरं. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळेच आजीला सोपं उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये.

लाओसला निघण्याआधी तिथल्या अट्टपू प्रांतातली घटना नीट वाच. २३ जुलै २०१८ ला तिथल्या से-पियान से-नामनॉय प्रकल्पाचा एक बांध फुटला. मुख्य धरण नव्हे, जलाशयाच्या कडेला खिंड बुजवायला घातलेला मातीचा बांध. गावंच्या गावं वाहून गेली, अनेकांचे जीव गेले, हजारो लोक बेघर झाले आणि पाणी सीमा ओलांडून कंबोडियातल्या गावांत शिरलं. नंतर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनी सांगितलं की दोष पायाखालच्या मातीत होता आणि योग्य उपाय केले असते तर हे टाळता आलं असतं. तू हायड्रॉलिक्सची आहेस, पायाचं काम तुझं नाही, असं तुला तिथे ऐकवलं जाईल. पण बांध फुटला तर पाणी कोणत्या गावात किती मिनिटांत पोहोचेल, हा हिशेब तुझाच आहे. तो झालाय का, आणि गावाच्या भाषेत कोणाला सांगितलाय का, हे पहिल्या आठवड्यात विचार. खालच्या अंगाचा विचार आणखी पुढेही जातो. कंबोडियातलं तोनले साप सरोवर पावसाळ्यात मेकाँगचं पाणी उलटं आत घेतं आणि कित्येक पटींनी पसरतं. त्या देशाच्या ताटातली मासळी बरीचशी या उलट्या प्रवाहावर पोसली जाते. वर उपनद्यांवर पाणी आणि गाळ अडला, की त्याचा परिणाम तिथपर्यंत आणि त्याखाली व्हिएतनामच्या त्रिभुज प्रदेशापर्यंत जातो. काही धरणं बांधू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कधीतरी अहवालात तसं लिहायची पाळी तुझ्यावर येईल. त्या वेळी तुझ्या शब्दाला वजन असायचं असेल, तर तुझी मोजणी कोणाला खोडता येता कामा नये.

पैशाचं आणि नोकरीचं थोडक्यात सांगते. आयटीइतका पगार पहिली दहा वर्षं मिळणार नाही, ही गोष्ट मनाशी पक्की कर. काम प्रकल्पागणिक असतं, दोन करारांमध्ये रिकामे महिने जातात, त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च कायम बाजूला हवा. मेकाँग नदी आयोगात कायमची नोकरी मिळेल, अशी आशा धरू नकोस. तिथल्या बहुतेक जागा सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात, आपण सल्लागार म्हणून जातो. जागतिक बँक किंवा मनिलाची आशियाई विकास बँक अनुभवी माणसंच घेते. भारत सरकारची वाप्कॉस १९६९ पासून परदेशांत पाण्याची कामं करते. अफगाणिस्तानात हेरातजवळचं सलमा धरण तिच्याच देखरेखीखाली पुरं झालं, २०१६ मध्ये. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था १९१६ पासूनची आहे. सांडव्याची छोटी प्रतिकृती बांधून त्यातून पाणी सोडताना बघणं, हा अनुभव तुझ्या स्क्रीनवर मिळणार नाही. पुण्याला जाशील तेव्हा परवानगी काढून बघून ये.

डेल्फ्ट चांगलं आहे. १९५७ पासून ते जगभरच्या पाण्यातल्या अभियंत्यांना शिकवतायत आणि त्या वर्गातले सोबती पुढे आयुष्यभर कामाला येतात. पण कर्ज काढून आत्ता नको. दोन वर्षं नदीवर काढून गेलीस तर शिष्यवृत्तीचा अर्जही वजनदार होईल आणि तिथे काय विचारायचं हेही तुला ठाऊक असेल. आपल्याकडे रुरकीलाही १९५५ मध्ये आशिया-आफ्रिकेतल्या नोकरदार अभियंत्यांसाठी जलसंपदेचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, आज तो आयआयटीचा विभाग आहे. परदेशी सोबती तिथेही भेटतात, आणि खर्चाची तुलनाच नको.

आईचा सल्ला मी मोडीत काढत नाही. ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता, पाणलोटात पाऊस कोसळत असताना, दरवाजे किती उघडायचे आणि खालच्या गावांना कधी कळवायचं, हे ठरवणारा माणूस जलसंपदा विभागात असतो. सल्लागार कंपनीत ही जबाबदारी तुझ्यावर कधीच येणार नाही. कंवर सेनही आधी सरकारी अभियंतेच होते. पण परीक्षेची तयारी करता करता तीन-चार वर्षं घरात बसून काढायची, हे मला पटत नाही. जाहिरात निघाली तर अर्ज भर, हातातलं काम मात्र सोडू नकोस. मला वाटतं आईला खरी काळजी आहे ती परक्या देशात, डोंगरातल्या साइटवर एकटी मुलगी कशी राहील याची. तिला प्रत्यक्ष माहिती दे : राहायची खोली कशी, दाराला आतून कडी आहे का, साइटवर बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, आणखी किती बायका आहेत, जवळचं बरं रुग्णालय किती तासांवर. मी साइटवर होते तेव्हा हे प्रश्न विचारणारी बाई कटकटी ठरायची. तरी विचारायचेच.

म्हणून सही करण्याआधी कंपनीला लेखी विचार : जून ते ऑक्टोबर मी मोजणी पथकाबरोबर असेन का? गंभीर आजारात बँकॉकला हलवण्याचा विमा आहे का? घरी यायची रजा आणि तिकीट किती महिन्यांनी? मी केलेल्या मोजणीच्या अहवालावर माझं नाव येईल का? पुनर्वसनाचा आराखडा मला वाचायला मिळेल का? पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाला नाही म्हणाले, तर पगार कितीही असो, ही नेमणूक घेऊ नकोस. ऐरोलीतच थांब आणि दुसरी शोध, तीन वर्षांच्या अनुभवावर ती मिळेल. हो म्हणाले, तर लाओ भाषेतले आकडे आणि ‘पाणी कुठवर आलं होतं?’ एवढं एक वाक्य निघण्यापूर्वी पाठ करून ठेव. गावात गेल्यावर दुभाषा येईपर्यंत तेवढ्यावर काम सुरू करता येतं.